डोक्यावरचं मशीन

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हा आम्ही तिथं राहायला गेलो. माझे यजमान भोकरच्या तहसिलीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या आणि नव्या कचेऱ्यांना माणसं लागत होती, म्हणून त्यांची बदली झाली. गावात जो तो खोली शोधत फिरत होता. काल जिथं कुणाचं बिऱ्हाड दिसलं होतं तिथं आज सरकारी पाटी लागलेली असायची आणि आत टेबलं, फायली. आम्हाला जागा मिळाली ती एका नव्या तीन मजली इमारतीत, मधल्या मजल्यावर. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. लोक तिला अपार्टमेंट म्हणायचे आणि म्हणताना जरा अडखळायचे.

माझं सगळं आयुष्य नांदेड-भोकरला, जमिनीवरच्या घरात गेलेलं. डोक्यावर पत्रे, पत्र्यांवर फारतर माकडं. इथं डोक्यावर माणूस राहत होतं आणि पायाखालीही माणूस राहत होतं. पहिले काही दिवस मी चालताना उगीच अंग चोरायची. खाली राहणारे मास्तर आणि काकू आपल्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवत असतील असं वाटायचं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले होते आणि घरमालकाच्या नात्यातले असल्यामुळे इमारतीची देखरेख त्यांच्याकडे होती. वास्तविक दोघंही मोकळ्या स्वभावाचे, पण मला ते कळायला वेळ लागला.

माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. ती झोपायची नाही. दूध पचायचं नाही, वजन वाढायचं नाही, आणि डॉक्टर म्हणायचे, हिला झोप मिळाली तर बाकीचं आपोआप होईल. दुपारी तासभर झोका द्यावा तेव्हा डोळा लागायचा, आणि तेवढ्यात कुठं काही खुट्ट झालं की ती दचकून उठायची. यजमान दुष्काळी कामांवर हजेऱ्या तपासायला खेड्यापाड्यांत गेलेले असायचे, चार-चार दिवस घरी नसायचे. मी आणि ती, एवढ्याच त्या दोन खोल्यांत. मी खिडकीपाशी जायची, परत यायची, पुन्हा जायची. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाऊस त्या वर्षी आलाच नव्हता, आणि आदल्या वर्षी आला होता तो न आल्यासारखा. रस्त्यावर धूळ आणि धुळीत घागरी घेऊन निघालेल्या बायका.

आमच्या वर अक्का राहायच्या. खरं नाव मला पुढंही फार दिवस माहीत नव्हतं, सगळे अक्काच म्हणायचे. उदगीरकडच्या लिंगायत घरातल्या, विधवा, पन्नाशीच्या आसपासच्या. भाऊ उदगीरला दुकान चालवायचा, त्यानं त्यांना ही जागा घेऊन दिली होती. अंगानं सडपातळ, कपाळावर भस्म, बोलणं अगदी मोजकं. त्या शिवणकाम करायच्या. नव्या कचेऱ्यांमध्ये आलेल्या लोकांच्या बायका त्यांच्याकडे झंपर, परकर, मुलांचे कपडे शिवायला टाकायच्या.

त्यांचं मशीन बरोबर आमच्या झोपायच्या खोलीच्या वर होतं. पायानं चालवायचं, जुनं, जड. त्याची खडखड छतातून उतरायची आणि भिंतींतून सगळीकडे पसरायची. चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चालू असताना त्रास व्हायचाच, पण खरा त्रास व्हायचा तो थांबल्यावर, कारण आता पुन्हा कधी सुरू होईल याची वाट बघत मी पाळण्याची दोरी धरून बसायची. मुलगी उठायची. मी तिला घेऊन मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायची.

खूप दिवस मी गप्प राहिले. मग एका दुपारी तिला कडेवर घेऊन वर गेले. अक्कांनी दार उघडलं, हातात कात्री होती.

“अक्का, एक सांगू का,” मी म्हणाले. “राग मानू नका. लेकरू झोपंना. मशीनच्या आवाजानं उठून राहिली सारखी. दुपारचं थोडा वेळ जर…”

त्यांनी मुलीकडे बघितलं. हात पुढं करून तिच्या गालाला लावला नाही, या बसा म्हणाल्या नाहीत.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मी जिना उतरत असताना माझे कान गरम झाले होते. त्यांना राग आला, हे मी धरूनच चालले. दुसऱ्या दिवसापासून खडखड बंद झाली. दुपारीच नव्हे, सकाळीही आणि संध्याकाळीही. मुलगी झोपू लागली. आधी तासभर, मग दोन तास. आणि मला मात्र चैन पडेना. माझ्या बोलण्यामुळं त्यांनी शिवणच सोडलं की काय? तसं म्हणावं तर बायका कापडाच्या पिशव्या घेऊन वर जाताना दिसायच्या. एक बारीकशी घरघर कधीकधी यायची, लांबून आल्यासारखी. रस्त्याच्या टोकाला पिठाची गिरणी होती, तिची असावी असं मी समजून घेतलं. वीज गेलेली असतानाही ती घरघर यायची, पण तेवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

जिन्यात अक्का भेटायच्या. मी बाजूला व्हायची, त्या मान हलवून वर जायच्या. दोन-तीनदा माझ्या ओठांवर आलं, की अक्का, मशीन अगदीच बंद नका ठेवू. पण त्या थांबायच्या नाहीत आणि माझी हिंमत व्हायची नाही. यजमान आले की मी त्यांना सांगायची. ते म्हणायचे, “आवाज होता तेव्हा बी तुला त्रास, न्हाई तेव्हा बी त्रास. तुला पाहिजे तरी काय?” मला काय पाहिजे होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

उन्हाळा चढत गेला तसं पाणी हा एकच विषय उरला. इमारतीच्या अंगणात जमिनीखाली हौद होता. टँकर येऊन त्यात पाणी टाकायचा, मग मास्तर मोटार लावायचे, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून सगळ्यांच्या नळांना यायचं. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. मधल्या दिवसांत नळ सोडला की नुसती सुस्कारल्यासारखी हवा यायची. कोरडा नळ उघडा आहे की बंद, हे बघून कळत नाही. मास्तर दारोदार सांगायचे, “तोटी बंद ठेवा बरं का, पाणी असो नसो.” सगळे हो म्हणायचे.

एका सकाळी उदगीरहून अक्कांना निरोप आला की भाऊ आजारी आहे. त्या लगोलग निघाल्या. जाताना मी जिन्यात होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

“भावाला बरं न्हाई,” त्या म्हणाल्या. एवढं मोठं वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

त्यांना जाऊन एखाद-दुसरा दिवस झाला असेल. दुपारी टँकर आला, आणि तोही कधी नव्हे तो भरलेला. मास्तरांनी मोटार लावली. मी माझं भगोणं, बादल्या, घागरी भरून घेतल्या, तोटी बंद केली आणि जरा पडले. मुलगी पाळण्यात झोपली होती. माझ्या हातावर थेंब पडला. मी तो पुसला. दुसरा पडला. वर बघितलं तर पंख्याच्या हुकापासून ओल पसरत चालली होती आणि तिच्या मधोमध थेंब धरत होते.

खरं सांगते, पहिल्यांदा मी उठून त्याच्या खाली पातेलं ठेवलं. पाणी वाया जाऊ नये एवढंच डोक्यात आलं. मग पाळणा भिंतीकडे ओढला. मग कळलं की पाणी अक्कांच्या घरातून येतंय आणि अक्का उदगीरला आहेत.

मी खाली धावले. मास्तर अंगणातच होते. त्यांनी आधी आमच्या घराची वीज बंद केली, मग गच्चीवर जाऊन टाकी बघून आले. तोवर समोरच्या बिऱ्हाडातले लोकही जिन्यात जमले होते. अक्कांच्या दाराखालून पाण्याची बारीक धार निघून पायऱ्यांवर उतरत होती.

“टाकी निम्म्यावर आलीय,” मास्तर म्हणाले. “आतली तोटी उघडी हाय.”

“वरून पाणी तोडता येत न्हाई का?” कुणीतरी विचारलं.

“टाकीच्या पायपाची चावी गंजून बसलीय. फिरत न्हाई. अक्कांचं कुलूप तोडावं लागंल.”

समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, “एकट्या बाईमाणसाचं घर. ती नसताना कुलूप तोडलं आणि उद्या काही गेलं म्हणाली तर? निरोप पाठवा उदगीरला.”

“निरोप पोचेपर्यंत टाकी कोरडी,” मास्तर म्हणाले.

कुणी हलेना. सगळे त्या धारेकडे बघत होते. मला तिथं उभं राहवेना. “तोडा,” मी म्हणाले. “अक्कांना काय सांगायचं ते मी सांगते. पण आत सगळ्यांनी जायचं न्हाई. मी आणि काकू जातो.”

मास्तरांनी लोखंडी सब्बल आणली. कोयंडा एका झटक्यात निघाला. काकूंनी लुगडं वर खोचलं आणि आम्ही दोघी आत गेलो. घोट्याला लागेल एवढं पाणी. माझा पाय आधी झोपायच्या खोलीकडे वळला, मशीन तिथं असणार, ते भिजलं असेल म्हणून. तिथं मशीन नव्हतं. जमिनीवर मशीनच्या पायांचे जुने चार डाग होते फक्त. पाण्याचा आवाज मोरीतून येत होता.

मशीन मोरीत होतं.

नळाच्या खाली, भिंतीला लागून. वरून तोटीचं पाणी धो धो त्याच्या फळीवर पडत होतं आणि लोखंडावरून उडून चहूकडे जात होतं. मी तोटी बंद केली. मग सगळं शांत झालं आणि आम्हाला नीट दिसलं. मशीनच्या चारी पायांखाली रबरी चपला कापून त्यांचे तुकडे घातलेले. तुकड्यांखाली गोणपाट, एकावर एक घड्या. बसायला एक ठेंगणं स्टूल, त्याच्याही पायांना चिंध्या बांधलेल्या. मोरीच्या भोकात कापडाचा बोळा कोंबलेला होता. पाणी नसल्यानं कोरड्या पाइपातून वास यायचा, म्हणून कोंबला असणार. त्या बोळ्यामुळंच पाणी तुंबून घरभर झालं होतं.

“हितं बसून शिवती व्हय ही?” काकू म्हणाल्या. “एवढ्या उकाड्यात? खिडकी बी न्हाई.”

त्या मोरीत उभं राहिलं तर दोन्ही कोपर भिंतींना लागत होते.

आम्ही पाणी उपसायला लागलो. ताटल्यांनी भरून बादल्यांत, बादल्या जिन्यात, आणि जिन्यातून लोक ज्याच्या त्याच्या घरी. गढूळ होतं, पण संडासाला चालणार होतं, कुणी नाही म्हणालं नाही. शिवलेले झंपर दोरीवर उंच टांगलेले होते, ते वाचले. खाली ठेवलेलं एक गाठोडं भिजलं होतं, ते काकूंनी पिळून गच्चीवर वाळत घातलं.

मशीन मास्तरांनी आणि समोरच्या गृहस्थांनी उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. फळी फुगली होती. नांदेडला माझ्या आईकडेही मशीन होतं, त्यामुळं एवढं ठाऊक होतं की पाणी आत राहू द्यायचं नाही. मी फडक्यानं कोरडं केलं, जिथं हात जाईना तिथं काडीला चिंधी गुंडाळून पुसलं, यजमानांच्या सायकलचं तेल आणून घातलं. चाक फिरेना. गोलाईच्या बाजारातून कारागीर बोलवावा का, असं दहादा मनात आलं आणि दहादा थांबले. दुसऱ्याच्या वस्तूला, तिच्या माघारी, हात लावायचा तरी किती? मास्तरांनी कोयंडा पुन्हा ठोकून दिला, दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधून मी घरी आले.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला आठवतं. प्रत्येक पावलाला मी दारात यायची. काय बोलायचं ते मनात जुळवायची आणि मोडायची. आधी कुलपाचं सांगावं की आधी मशीनचं? आणि मोरीचं विचारावं की विचारूच नये?

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आल्या. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

“भाऊ कसे आहेत?” मी शेवटी विचारलं.

“बरा हाय आता,” त्या म्हणाल्या, आणि मग, “पाणी किती गेलं?”

“अर्ध्याहून जास्त टाकी.”

त्या पायरीवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. “सगळ्यांच्या वाटणीचं पाणी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. घरात जाऊन त्यांनी मशीनकडे बघितलं, चाकाला हात लावला, ते हललं नाही. त्या उलट्या पावली बाहेर आल्या आणि एकेका दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. “माझ्याकडनं झालं,” एवढंच म्हणायच्या. मास्तरांच्या दारात काकूंनी त्यांना आत ओढून बसवलं आणि चहा दिला. मी मुलीला घेऊन तिथंच होते.

शेवटी मी विचारलं, “अक्का, मशीन मोरीत कशाला नेलं?”

“तुमच्या झोपायच्या खोलीवर होतं ते,” त्या म्हणाल्या. “मोरीच्या खाली तुमची बी मोरीच हाय की. मोरीत कोण झोपतंय?”

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? तुमी म्हणलात लेकरू झोपंना. लेकरू झोपायला पायजे.”

काकू हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या मनात गेले कित्येक आठवडे त्या रागावलेल्या होत्या आणि त्या तिकडे चपला कापत होत्या.

कारागीर आला, त्यानं मशीन सगळं सुटं करून पुन्हा जोडलं. चालू झालं, पण फळी वाकडी ती वाकडीच राहिली. आता ते कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. मोरीत पुन्हा नाही, एवढं मी हट्टानं सांगितलं. झोपायच्या खोलीत ठेवा म्हटलं तर त्या ऐकेनात, आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीतलाही आवाज भिंतींतून खाली येईल म्हणायच्या. तेव्हा मीच म्हणाले, आमच्या बाहेरच्या खोलीत आणा. डोक्यावर आवाज नको ना, मग समोरच होऊ दे. मुलगी जागी असेल तेव्हा शिवा.

मला तेव्हा ते फार चांगलं सुचलंय असं वाटलं होतं. प्रत्यक्षात काय झालं, तर सकाळपासून बायका मापं द्यायला आमच्या घरी येऊ लागल्या. उंबऱ्यात चपलांचा ढीग, सगळीकडे कातरण. मुलगी जमिनीवरून वेचून तोंडात घालायची. कुणी आलं की मी स्वयंपाकघरात उभी, आपल्याच घरात पाहुणी. यजमान दौऱ्यावरून आले, त्यांनी दारातून ती गर्दी बघितली आणि शर्ट न बदलता परत बाहेर निघून गेले. अक्कांना बोलायचं कसं? एकदा बोलले होते त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. या वेळी सांगितलं तर त्या मशीन उचलून गच्चीवर उन्हात नेतील, अशी मला भीती वाटायची.

एक दिवस त्यांनीच सुई थांबवली. “बाई,” त्या म्हणाल्या, “मला हितं जमंना.”

मी मुलीच्या मुठीतलं कातरण काढून घेतलं.

“तुमच्या घरात मला खोकायला बी भ्या वाटतंय. पाठ दुखली तर आडवं व्हता येत न्हाई. तुमी लई चांगलं केलात, पर न्हाई जमत.”

“मलाही न्हाई जमून राहिलं, अक्का,” मी म्हणाले.

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं, पुढचा एक दात नव्हता. मग आम्ही दोघी तिथंच कातरणात बसून पहिल्यांदा नीट बोललो. त्यांना काय अडचण, मला काय अडचण, सगळं. ठरलं ते अगदी साधं होतं. मशीन वर, झोपायच्या खोलीत, खिडकीजवळ. चपलांचे तुकडे आणि गोणपाट राहू द्यायचे. आणि सुरू करण्याआधी जिन्यात येऊन विचारायचं.

तेव्हापासून रोज त्यांची हाक यायची, “लावू का?” मी दारातून म्हणायची, “हाव, लावा.” कधी मुलीला ताप असला तर म्हणायची, “आज नको अक्का.” मग त्या खाली येऊन तिच्या कपाळाला हात लावून जायच्या. मीही पाटा-वरवंट्याखाली पोतं घालायला लागले, ते काकूंसाठी. काकू म्हणाल्या, त्यांना कधी आवाज आलाच नव्हता. खरं म्हणाल्या की भिडेखातर, कोण जाणे.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. खडखड आली की माझं अंग अजूनही ताठ व्हायचं. काही दिवस “लावू का” ऐकून माझ्या तोंडाला “नको” यायचं, कारण काही नसताना, आणि मी ते गिळून “हाव” म्हणायची. अक्कांनाही कामाच्या घाईत ते विचारणं जड जात असणार. पण त्यांनी एकदाही न विचारता चाक फिरवलं नाही. टाकीच्या गंजलेल्या चावीची मास्तरांनी दुरुस्ती करून घेतली. बाहेरगावी जाताना शेजारच्या दारी किल्ली ठेवायची रीतही इमारतीत तेव्हापासून पडली, कुणी ठरवून न देता.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास यजमानांची नांदेडला बदली झाली. मला आनंद व्हायला हवा होता, माहेरचं गाव. सामान बांधताना मात्र मी एका खोलीतून दुसरीत नुसती फिरत होते, हातात घेतलेलं ठेवत होते, ठेवलेलं उचलत होते. ट्रक खाली उभा होता. मी अक्कांची किल्ली परत द्यायला वर गेले. त्यांनी मुलीला कडेवर घेतलं, तिच्या अंगात स्वतः शिवलेला फ्रॉक घातला, बटणं लावली. फ्रॉक दोन वर्षं पुरेल इतका मोठा होता.

“तुमच्या जागेवर कोण येणार हाय?” त्यांनी विचारलं.

“कचेरीतलंच एक बिऱ्हाड येतंय म्हणतात. मी बघितलं नाही त्यांना.”

“लेकरू हाय का लहान?”

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मुलीला माझ्याकडे दिलं आणि मशीनकडे वळून बघितलं. मी जिना उतरले. खालून हमालांच्या हाका येत होत्या. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं, की नव्या बिऱ्हाडात लहान लेकरू आहे का, निदान तेवढं विचारून ठेवायला हवं होतं.